बाल्ड्रिक ते ‘टाइम टीम’ : टोनी रॉबिन्सन यांचा प्रवास कसा घडला?

आडवाट :

‘ब्लॅकॲडर’ ही ब्रिटिश विनोदी मालिका मी पुष्कळ वर्षांपूर्वी पाहिली होती आणि तिच्यातला बाल्ड्रिक हा मळकट, मठ्ठ, सलगमावर जीव टाकणारा नोकर अजूनही चांगला लक्षात आहे. अलीकडे ब्रिटनमधल्या उत्खननांविषयी काही शोधत असताना ‘टाइम टीम’ या कार्यक्रमाचे जुने भाग सापडले. त्यात पावसात भिजत, खणलेल्या चराच्या काठावर उभा राहून पुरातत्त्वज्ञांना प्रश्नांनी भंडावून सोडणारा जो निवेदक आहे, तो म्हणजे बाल्ड्रिक साकारणारे टोनी रॉबिन्सनच, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

वीस वर्षे चाललेल्या पुरातत्त्वाच्या कार्यक्रमासाठी एका विनोदी नटाची निवड का झाली असावी? ओळखीचा चेहरा हवा म्हणून वाहिनीने लावलेली ती सोय होती, की या माणसाला त्या विषयात खरोखरच गती होती? त्या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी त्यांना कसे स्वीकारले? ‘ब्लॅकॲडर’च्या आधी आणि नंतर त्यांनी काय काय केले, याची माहिती बहुतेक ठिकाणी नुसत्या यादीसारखी दिलेली आहे आणि त्या यादीतून माणूस काही उभा राहत नाही. जाणकारांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

निरभ्र :

तुमच्या प्रश्नात ‘एक विनोदी नट अचानक पुरातत्त्वात शिरला’ असे एक गृहीतक आहे. माझ्या मते तिथूनच गाडी रुळावरून घसरते, म्हणून आधी ‘ब्लॅकॲडर’पूर्वीचा काळ पाहू.

रॉबिन्सन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधल्या होमर्टन इथे झाला. बाल्ड्रिकमुळे ते नावारूपाला आले हे खरे असले, तरी रंगभूमीवर ते त्याच्या दोन दशके आधीपासून वावरत होते. १९६० साली लंडनच्या वेस्ट एंडमध्ये डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’वर आधारलेल्या ‘ऑलिव्हर!’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा फेगिनच्या पाकिटमार पोरांच्या टोळीत तेरा वर्षांचे टोनी होते, आणि मुख्य पोरगा येऊ शकला नाही तेव्हा आर्टफुल डॉजर या टोळीतल्या सर्वांत चलाख पोराची भूमिकाही त्यांनी निभावून नेली होती. पुढे सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या संस्थेत रीतसर नाट्यशिक्षण, मग गावोगावच्या नाट्यसंस्थांमध्ये अभिनय आणि दिग्दर्शन, असा त्यांचा मार्ग होता. १९८३ मध्ये बाल्ड्रिकची भूमिका आली, तेव्हा ते छत्तिशीत होते. प्रसारित न झालेल्या प्राथमिक भागात ही भूमिका फिलिप फॉक्स या दुसऱ्याच नटाने केली होती, हेही या निमित्ताने सांगायला हरकत नाही.

आता बाल्ड्रिकविषयी. ‘ब्लॅकॲडर’च्या चार मालिका इतिहासातल्या वेगवेगळ्या काळांत घडतात. त्यांतल्या पहिल्या मालिकेत तो मुळीच मठ्ठ नाही. रोवन ॲटकिन्सनचा एडमंड ब्लॅकॲडर, म्हणजे बाल्ड्रिकचा धनी, हा तिथे भित्रा, बावळट राजपुत्र आहे आणि त्याच्या भोवतालच्या मंडळीत त्यातल्या त्यात डोके चालते ते बाल्ड्रिकचे. ही मालिका नॉर्थम्बरलंडमधल्या अनिक किल्ल्याच्या परिसरात, घोडेस्वारांसह आणि बराच खर्च करून चित्रित झाली होती. तेवढा खर्च पुन्हा करायला बीबीसी तयार नव्हती. त्यामुळे १९८६ साली दुसरी मालिका आली, ती जवळजवळ पूर्णपणे स्टुडिओच्या चार भिंतींत, आणि तिच्या लेखनात रिचर्ड कर्टिस यांच्या जोडीला ॲटकिन्सनऐवजी बेन एल्टन आले. दोघांनी एडमंडला तिखट जिभेचा, धूर्त आणि वैतागलेला केले. धन्याची बुद्धी वाढली म्हटल्यावर नोकराची घटणे ओघानेच आले, आणि ज्या बाल्ड्रिकला आज सगळे ओळखतात तो अशा रीतीने पैसे वाचवण्याच्या आणि पात्रांची घडी बदलण्याच्या खटाटोपातून जन्माला आला.

रॉबिन्सन यांचे कसब मला दिसते ते इथे. मूर्ख माणसाची भूमिका करणारे पुष्कळ नट प्रेक्षकांकडे चोरटा कटाक्ष टाकून ‘मी खरा तसा नाही बरे का’ असे सुचवत राहतात. रॉबिन्सन तसे एकदाही करत नाहीत. बाल्ड्रिकचा आपल्या प्रत्येक युक्तीवर ठाम विश्वास आहे. तो ती संथपणे, सपाट आवाजात आणि पूर्ण गांभीर्याने सांगतो, आणि त्या गांभीर्यामुळेच ॲटकिन्सनच्या संतापाला उसळी मारायला जागा मिळते. हशा ॲटकिन्सनच्या वाक्यावर पिकतो, पण तो रचलेला असतो रॉबिन्सन यांनी.

चौथ्या मालिकेचा, म्हणजे २ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रसारित झालेला शेवटचा भाग नीट पाहावा. पहिल्या महायुद्धातल्या खंदकात साधा शिपाई असलेला बाल्ड्रिक विचारतो की हे युद्ध मुळात सुरू कसे झाले. एडमंड त्याला युरोपातल्या राष्ट्रांच्या आघाड्यांचे गणित समजावू लागतो आणि सांगता सांगता त्या गणितातला वेडेपणा आपोआप उघडा पडतो. ज्याला काही कळत नाही असे सगळे धरून चालतात, त्याच्या साध्या प्रश्नापुढे शहाण्यांची पंचाईत होते. हाच माणूस चार-पाच वर्षांनी प्राध्यापकांसमोर उभा राहून ‘पण हे तुम्हाला कशावरून कळले?’ असे विचारू लागला, तेव्हा त्याने वेगळे काम पत्करले असे मला वाटत नाही.

मागील_बाक :

निरभ्र यांच्या प्रतिसादात रॉबिन्सन यांची एक बाजू सुटली आहे. ती म्हणजे लेखकाची, विशेषतः मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाची. निवेदक म्हणून त्यांची जी शैली आपण पाहतो, तिची तालीम बाल्ड्रिकपेक्षा इथे अधिक झाली असे माझे मत आहे.

१९८५ च्या सुमारास ‘फॅट ट्यूलिप्स गार्डन’ नावाचा त्यांचा मुलांचा कार्यक्रम होता. त्यात रॉबिन्सन एकटेच. एका जुन्या घरात आणि त्याच्या बागेत धावत, झाडांमागे लपत, सगळ्या पात्रांचे आवाज काढत ते गोष्ट सांगत आणि कॅमेरा त्यांच्या मागे पळत असे. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसची कथाही त्यांनी याच पद्धतीने उघड्या माळावर उभी केली आणि रिचर्ड कर्टिस यांच्यासह पुस्तकरूपानेही आणली. चालता चालता, दम लागलेला असताना, एका दमात आणि थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहून गुंतागुंतीची गोष्ट सांगणे हे दिसते तितके सोपे नाही. ‘टाइम टीम’मध्ये एका चराकडून दुसऱ्या चराकडे जाताना ते आधीच्या अर्ध्या दिवसाचा वृत्तान्त चार वाक्यांत सांगून टाकतात, तेव्हा ती सवय कुठून आली ते कळते.

त्यांची सर्वांत चांगली निर्मिती मात्र ‘मेड मॅरियन अँड हर मेरी मेन’ ही बीबीसीची मालिका होय, जी १९८९ पासून १९९४ पर्यंत चालली. आपल्या मुलीला फुटबॉल खेळताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली. रॉबिन हूडच्या दंतकथेतली मॅरियन इथे टोळीची खरी पुढारी आहे आणि रॉबिन हा केन्सिंग्टनचा नट्टापट्टा करणारा शिंपी आहे, ज्याला चुकून नायकपद चिकटले आहे. रॉबिन्सन यांनी लेखन तर केलेच, शिवाय नॉटिंगहॅमच्या शेरीफची भूमिकाही स्वतःकडे ठेवली. हा शेरीफ दुष्ट आहे, पण त्याचे दुःखही खरे आहे. वरून किंग जॉन कराच्या पैशांसाठी ओरडतो, खाली ज्यांच्याकडून तो वसूल करायचा ते गावकरी चिखलाखेरीज कशाचेच धनी नाहीत, आणि हाताशी असलेले दोन शिपाई इतके भाबडे आहेत की त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही. सत्ता वरून खाली कशी झिरपते आणि मधल्या माणसाचे काय होते, हे मुलांना हसत हसत सांगणारी इतकी हुशार मालिका मी दुसरी पाहिलेली नाही. तिला बाफ्टा हा ब्रिटनमधला चित्रपट-दूरचित्रवाणीचा मानाचा पुरस्कार मिळाला. ‘ब्लॅकॲडर’च्या प्रसिद्धीखाली ती झाकली गेली, याची मला अजूनही चुटपुट वाटते.

बाल्ड्रिकचा मळ, मॅरियनच्या गावातला चिखल आणि पुढे उत्खननांतला चिखल यांचा संबंध लावण्याचा मोह होतो. तो निव्वळ योगायोगही असेल.

खापरकाम :

पुरातत्त्वाची बाजू मी मांडतो, कारण मूळ प्रश्नाचे खरे उत्तर मिक ॲस्टन या माणसात आहे.

ॲस्टन हेही १९४६ चेच. ब्रिस्टल विद्यापीठात ते भूप्रदेशाच्या पुरातत्त्वाचे अध्यापन करत. म्हणजे एकेका वास्तूपुरते न पाहता गावे, रस्ते, शेतांच्या हद्दी आणि मठ यांतून सबंध मुलखाचा इतिहास कसा वाचावा, हा त्यांचा विषय. विस्कटलेले पांढरे केस आणि रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्वेटर ही त्यांची दूरचित्रवाणीवरची ओळख नंतरची. त्याआधी ॲस्टन यांनी ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर नेलेल्या एका अभ्याससहलीत रॉबिन्सन त्यांना भेटले आणि मैत्री जमली. त्यामुळे ‘टाइम टीम’चे निर्माते टिम टेलर यांनी कार्यक्रमाची जुळवाजुळव केली, तेव्हा निवेदक आणि मुख्य अभ्यासक एकमेकांना आधीपासून ओळखत होते. वाहिनीने वरून लादलेला चेहरा असे त्याला म्हणता येणार नाही. ओळखीच्या चेहऱ्याचा कार्यक्रम दाखवणाऱ्या चॅनल फोर या वाहिनीला फायदा झालाच, पण तो नंतरचा भाग.

पहिला भाग जानेवारी १९९४ मध्ये प्रसारित झाला. जागा होती सॉमरसेटमधली ॲथेल्नी, जिथे डेन (व्हायकिंग) आक्रमकांपासून पळालेल्या, नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडने दलदलीत आसरा घेतला होता. ती जागा संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे कुदळ मारायलाच परवानगी नव्हती. उत्खननाच्या कार्यक्रमाचा पहिलाच भाग आणि उत्खनन नाही! सगळा भर भूभौतिक सर्वेक्षणावर पडला, म्हणजे जमिनीतल्या चुंबकीय गुणधर्मांतले आणि विद्युतरोधातले बारीक फरक उपकरणांनी टिपायचे आणि त्यावरून खाली पुरलेल्या भिंतींचा व खंदकांचा नकाशा काढायचा. जॉन गेटर आणि त्यांचे सहकारी हे काम करत. पुढे या कार्यक्रमामुळेच हे तंत्र ब्रिटनमधल्या घराघरांत ठाऊक झाले.

कार्यक्रमाचा साचा तुम्ही पाहिला असेलच. एक जागा, एक प्रश्न, तीन दिवस. यात रॉबिन्सन यांची भूमिका नेमकी काय, हे कळण्यासाठी एकदा आवाज बंद करून चर्चेचे प्रसंग पाहावेत. ॲस्टन, फिल हार्डिंग, कॅरेन्झा लुईस, फ्रान्सिस प्रायर, स्ट्युअर्ट एन्सवर्थ या चमूतल्या अभ्यासकांपैकी दोघे जण बोलत असले, की रॉबिन्सन मान वाकडी करून, कपाळाला आठ्या घालून मध्येच उभे असतात आणि कुणी संदिग्ध बोलले की हात वर करून थांबवतात. ‘हा कदाचित धार्मिक विधीचा खड्डा असावा’ असे कुणी म्हटले, तर ‘असावा म्हणजे काय? पुरावा काय?’ हे ते विचारतातच. तज्ज्ञांमध्ये असा एक संकेत असतो की परस्परांच्या अंदाजांना फार टोचायचे नाही. बाहेरच्या माणसाला तो संकेत पाळायचे कारण नव्हते, आणि त्यामुळे प्रेक्षकांना निष्कर्षाबरोबर तो निष्कर्ष कसा बनतो हेही दिसले.

याचे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे वेल्समधल्या लिगॅड्वी या जागेचा २००१ चा भाग. एकाच मालमत्तेवर दफनस्थान, पवित्र झरा, बुरूज आणि निरनिराळ्या काळांतल्या वस्तू, असे सगळे काही होते. उत्खनन पुढे सरकले तसे वस्तूंचे वय आणि त्या ज्या मातीत सापडत होत्या त्या थराचे वय यांचा मेळ बसेना. हळूहळू चमूचे चेहरे उतरत जातात. यांतल्या पुष्कळ वस्तू कुणीतरी नंतर आणून पुरल्या असाव्यात, या निष्कर्षावर सगळे येतात आणि तोच निष्कर्ष प्रसारित होतो. वाहिनीला रंजक शोध हवा असताना ‘इथे बनवाबनवी आहे’ हे सांगणारा भाग तसाच दाखवणे, आणि निवेदकाने तो सरळ शब्दांत प्रेक्षकांपुढे ठेवणे, यात त्या कार्यक्रमाची खरी प्रतिष्ठा आहे.

स्वीकाराविषयी सांगायचे, तर सुरुवातीला नाके मुरडली गेली. तीन दिवसांत उत्खनन उरकणे हा उथळपणा आहे, असा आक्षेप होता. पण चित्रीकरणाआधी कागदपत्रांचा अभ्यास, परवानग्या आणि खणण्याचा आराखडा यांत बराच काळ जाई, आणि नंतर अहवालही लिहिले जात. तीन दिवस हा दिसणारा भाग होता. तोवर व्यावसायिक पुरातत्त्वाचे कामही बदललेले होते. १९९० च्या सरकारी नियोजन-मार्गदर्शनानंतर बांधकामाआधी जागा तपासण्याचा खर्च विकासकावर येऊ लागला होता, आणि थोडक्या दिवसांत चाचणीचे चर खणून जागेचा अंदाज घेणे हे अनेकांचे रोजचेच काम झाले होते.

कोरा_कागद :

इथे सगळा कौतुकाचा सूर लागला आहे, म्हणून थोडे मीठ टाकतो.

रॉबिन्सन गुणी आहेत याविषयी दुमत नाही. परंतु ‘टाइम टीम’च्या यशानंतर चॅनल फोरने त्यांच्याकडून इतके इतिहासविषयक कार्यक्रम करून घेतले, की काही ठिकाणी तो चिकित्सक प्रश्नकर्ता हरवला. २००४ मधला ‘ब्रिटन्स रिअल मोनार्क’ घ्या. पंधराव्या शतकातला इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा जन्म औरस नव्हता, असा एका इतिहासकाराचा तर्क, आणि त्यावरून वंशावळ ओढत ओढत ‘खरा राजा’ ऑस्ट्रेलियातल्या जेरिल्डरी या लहानशा गावात राहतो, असा शेवट. माणूस भेटतो, प्रसंग मजेशीर आहे, पण राजपद हे संसदेच्या कायद्याने ठरते आणि मध्ये काही राजवंश बदललेले आहेत, या मुद्द्याला मोहकपणे बगल दिली जाते. ॲस्टनसमोर असला तर्क कुणी मांडला असता, तर याच रॉबिन्सन यांनी त्याला हात वर करून थांबवले असते.

दुसरे असे की ‘टाइम टीम’मधली घाई पुष्कळ वेळा कृत्रिम वाटते. ‘आता फक्त काही तास उरले’ हे वाक्य प्रत्येक भागात येते. जमिनीखालची भिंत चौथ्या दिवशीही तिथेच असणार आहे.

खापरकाम :

राजवंशाच्या कार्यक्रमाविषयी कोरा कागद यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. घाईविषयी मात्र नाही. चौथ्या दिवशी भिंत तिथेच असते, पण भाड्याने आणलेले खोदयंत्र नसते, माणसे आपापल्या नोकऱ्यांवर परतलेली असतात आणि उघडलेले चर बुजवून शेतकऱ्याला शेत परत द्यायचे असते. ती मर्यादा खरी होती. निवेदकाने तिला नाट्य दिले इतकेच.

त्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, सुरू झालेल्या ‘द वर्स्ट जॉब्ज इन हिस्टरी’ या मालिकेचाही इथे उल्लेख व्हायला हवा, कारण रॉबिन्सन यांचा स्वतःचा कल राजाराण्यांच्या कार्यक्रमांपेक्षा तिच्यात अधिक दिसतो. रोमन काळापासून पुढे प्रत्येक युगातली सर्वांत घाणेरडी, धोक्याची किंवा कंटाळवाणी कामे शोधून ती स्वतः करून पाहायची, असा तिचा विषय. लोकरीचे कापड घट्ट व्हावे म्हणून शिळ्या मूत्राच्या टबात उभे राहून ते तासन्‌तास तुडवणारे कामगार असत. ते काम रॉबिन्सन स्वतः करतात. उघड्या पायांनी दलदलीत उतरून जळवा गोळा करणे हेही त्यातलेच. हसू येते, पण कापड घालणारा सरदार आणि ते तुडवणारा माणूस यांच्यापैकी इतिहासाच्या पुस्तकात कोण येतो, हा प्रश्न आपोआप मनात उभा राहतो. बाल्ड्रिकने इतिहासाचे पुस्तक लिहिले असते, तर ते असेच झाले असते.

आडवाट :

सर्वांचे आभार. मला अपेक्षा होती त्यापेक्षा खूपच सविस्तर उत्तरे मिळाली. एक पुरवणी प्रश्न विचारतो. रॉबिन्सन यांच्या नावामागे ‘सर’ ही उपाधी आहे. ती अभिनयासाठी मिळाली की पुरातत्त्वासाठी? त्यांच्या राजकीय भूमिकांविषयीही कुठेतरी उल्लेख वाचला होता.

निरभ्र :

दोन्हीपैकी कशासाठीही नाही. जून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सन्मानयादीत त्यांना नाइट ही पदवी मिळाली, ती सार्वजनिक आणि राजकीय सेवेसाठी. (त्याच महिन्यात मिक ॲस्टन यांचे निधन झाले.) ब्रिटनमधल्या नटांची ‘इक्विटी’ नावाची कामगार संघटना आहे. तिचे ते १९९६ ते २००० या काळात उपाध्यक्ष होते, आणि त्यानंतर २००४ पर्यंत मजूर पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आलेले सदस्य होते. सभेला हजेरी लावून छायाचित्र काढून घेणाऱ्या प्रसिद्ध लोकांपैकी ते नव्हेत. समित्यांच्या बैठका आणि मसुदे हे रटाळ काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. सुमारे ४५ वर्षांच्या सदस्यत्वानंतर २०१९ साली त्यांनी पक्ष सोडला. पक्षाचे तेव्हाचे नेतृत्व, ब्रेक्झिटविषयीची संदिग्ध भूमिका आणि ज्यूद्वेषाच्या तक्रारींची हाताळणी ही कारणे त्यांनी उघडपणे सांगितली.

एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षे होत होती, त्या २०१४ च्या जानेवारीत तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी वृत्तपत्रात लेख लिहून तक्रार केली की ‘ब्लॅकॲडर’सारख्या कलाकृतींमुळे ते युद्ध म्हणजे बेजबाबदार उच्चभ्रूंनी घडवलेला निरर्थक संहार होता, असा समज पसरतो, आणि डाव्या विचारांचे अभ्यासक त्याला खतपाणी घालतात. याला उत्तर द्यायला पुढे आले ते स्वतः बाल्ड्रिक! रॉबिन्सन यांचे म्हणणे असे होते की कोणताही शिक्षक ‘ब्लॅकॲडर’ दाखवून इतिहास शिकवल्याचे मानत नाही. कविता, चित्रे, पत्रे यांच्याप्रमाणे ते मुलांना विषयाकडे वळवण्याचे एक साधन आहे, आणि मंत्र्यांनी शिक्षकांवर असे शिंतोडे उडवणे योग्य नव्हे. मालिकेतला शिपाई आणि प्रत्यक्षातला मंत्री यांची ही गाठ कर्टिस-एल्टन यांनी लिहिली असती, तर प्रेक्षक म्हणाले असते की हे जरा अतीच झाले.

सार्वजनिक सेवा म्हणताना आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. त्यांच्या आई आणि वडील या दोघांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले. आईच्या अखेरच्या काळावर ‘मी अँड माय मम’ हा माहितीपट २००६ मध्ये आला. तो पाहणे सोपे नाही. वृद्धांची शुश्रूषागृहे, तिथला खर्च, कर्मचाऱ्यांची टंचाई आणि आपल्या माणसाला तिथे ठेवून घरी परतणाऱ्या मुलाची अपराधी भावना, यांतले काहीही त्यात झाकलेले नाही. तेव्हापासून अल्झायमर्स सोसायटीसाठी ते सातत्याने बोलत आले आहेत. लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबऱ्यांची संक्षिप्त श्राव्य पुस्तके अनेक वर्षे रॉबिन्सन यांच्याच आवाजात येत होती, आणि २००७ मध्ये खुद्द प्रॅचेट यांनाही त्याच आजाराच्या एका दुर्मीळ प्रकाराचे निदान झाले.

आत्मचरित्र वाचायचे असेल, तर ‘नो कनिंग प्लॅन’ हे त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ‘माझ्याकडे एक धूर्त बेत (कनिंग प्लॅन) आहे’ या बाल्ड्रिकच्या कायमच्या पालुपदावरून घेतलेले हे नाव तुमच्या मूळ प्रश्नालाही लागू पडते. आयुष्याचा आराखडा आखून आपण इथवर आलो, असा दावा ते कुठेच करत नाहीत.

मागील_बाक :

निरभ्र यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. आराखडा नसेल, पण निवड नक्कीच होती. बाल्ड्रिकनंतर तसल्याच नोकरांच्या दहा भूमिका त्यांच्याकडे चालून येणार, हे उघड होते. त्याऐवजी त्यांनी मुलांसाठी लिहिणे आणि चिखलात उभे राहणे पसंत केले. विनोदी नटांना एका भूमिकेचा शिक्का बसला की तो जन्मभर पुसत नाही, आणि रॉबिन्सन यांचाही पुसला गेला नाही. पण त्यांनी त्या शिक्क्याशी भांडण केले नाही. ब्रिटनमध्ये आजही लोक त्यांना रस्त्यात थांबवून बाल्ड्रिकची वाक्ये ऐकवतात आणि ते ती ऐकून घेतात, यात मला मोठेपणा दिसतो.

खापरकाम :

आडवाट यांना पुढे काय पाहावे असा प्रश्न पडला असेल, तर ग्लॉस्टरशरमधल्या टर्कडीन इथला १९९७ चा थेट प्रक्षेपित भाग घ्यावा. तिथे वाळलेल्या गवतावर उमटलेल्या फिकट रेषांवरून रोमन हवेलीचा ठाव लागला होता, आणि खणायला घेतल्यावर ती अपेक्षेपेक्षा बरीच मोठी निघाली. नंतर २००६ मधले विंडसर किल्ल्याचे उत्खनन पाहावे. तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये आपल्या सरदारांच्या गोलमेजासाठी बांधायला घेतलेल्या भव्य वर्तुळाकार इमारतीच्या पायाच्या खुणा तिथे सापडल्या. व्हिक्टर ॲम्ब्रस यांनी चराशेजारी बसून काढलेली चित्रे दोन्हीकडे लक्षपूर्वक पाहावीत. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून आलेला हा चित्रकार नुसत्या पायाच्या दगडांवरून सबंध घर आणि त्यातली माणसे कागदावर उभी करत असे.

चॅनल फोरने कार्यक्रम बंद केल्यावर काही वर्षांनी तो चाहत्यांच्या वर्गणीवर यूट्यूबवर पुन्हा सुरू झाला, हे कदाचित तुम्हाला माहीत असेल. सफोकमधल्या सटन हू या अँग्लो-सॅक्सन दफनभूमीच्या उत्खननासाठी रॉबिन्सनही त्यात परतले आहेत. १९८६ मध्ये तिथे एका बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) बादलीचे तुकडे मिळाले होते. सहाव्या शतकात अँटिऑकमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) घडवलेल्या या बादलीवर उत्तर आफ्रिकेतल्या शिकारीची दृश्ये कोरलेली आहेत. नव्या खोदकामात तिचा हरवलेला तळ हाती आला आणि मातीच्या त्या गोळ्यात दहन केलेली हाडे निघाली. इतक्या दूरवरून आलेली बादली अस्थिपात्र म्हणून का वापरली असेल, यावर अभ्यासकांचे काम चालू आहे.